टेबलाखालची सून

रिपोर्ट हातात पडल्याशिवाय नवऱ्याचं ऑपरेशन सुरू होणार नव्हतं, आणि नेमके आजच तपासणी केंद्रातले सगळे कॉम्प्युटर ठप्प झाले होते. रांगेतल्या शिक्षिकेचा जीव टांगणीला लागला होता. पुढे दोन बायका बोलत होत्या.

"टेबलाखाली कोण शिरलंय हो?"

"माझी सून. इथलं नेटवर्क तीच सांभाळते."

"मघापासून नुसत्या वायरी उपसतेय."

"उपसत नाहीये. एकेक काढून बघतेय, कुठली काढल्यावर बाकीचं चालतं ते."

"तुम्हाला बरं कळतं!"

तेवढ्यात सून बाहेर आली. केसांत जळमटं, पण चेहरा फुललेला.

"आई, सापडलं! कुणीतरी एकाच वायरीची दोन्ही टोकं नेटवर्कच्या एकाच डब्यात खुपसली होती. सगळे निरोप आतल्या आत गरागरा फिरत होते."

प्रिंटर खडखडला.

"आधी या मागच्या बाईंचा द्या," सासूबाई काउंटरवरच्या मुलाला म्हणाल्या. "केव्हाच्या घड्याळ बघतायत."

रिपोर्ट घेऊन शिक्षिका धावत सुटली, तरी मागचं कानावर आलंच.

"नशीबवान आहात. घरचं इंटरनेट बंद पडलं की चिंताच नाही. सून आहेच."

"छे हो! घरचं मी बघते. तिनं शिकवलंय मला."