काळीच्या हद्दीवरचा दगड

ऐका. जरा सरकून बसा, शेकोटीत एक लाकूड घाला आणि मध्ये बोलू नका. ही गोष्ट बोरगव्हाणच्या गेनू वाबळ्याची. माणूस वाईट नव्हता बरं का. मेहुण्याच्या शब्दाला भुलला, एवढंच.

शहर तेव्हा गावाच्या अंगावर येत होतं. ओढ्यापलीकडं बंगले उभे राहिले होते. आता जुनी रीत काय? पांढरीत घरं, काळीत पीक. माणूस राहतो ती पांढरी, नांगर चालतो ती काळी. पण गाव वाढणार, तर वाढायचं कुठं? चावडीपुढं सगळे बसले, भांडले, रुसले आणि शेवटी ठरलं. नवी घरं मुरमाच्या माळावर. काळीत वीटसुद्धा जायची नाही! माळ संपून काळी सुरू होते तिथं चुना फासलेले दगड रोवले. दुसऱ्या दिवशी मोजणीचे साहेब येऊन ती हद्द नकाशावर चढवणार होते.

त्याच रात्री गेनूनं पहार उचलली. मधला एक दगड काळीत आत सरकवला, की विहिरीकाठची सपाट जागा मेहुण्याच्या बंगल्याला मोकळी.

"अवं, अवसेच्या रातीला कुठं निघालात?" बायको गोदानं विचारलं.

"बैल सुटलाय."

"आपल्याकडं बैल हाय कुठं? कवाच इकला की!"

गेनूनं दाराची कडी काढली. तसाच निघाला. बांधाबांधानं गेला. दगड उपटला, खांद्यावर घेतला आणि काळीत पाऊल टाकलं.

चालला, चालला, चालला. आणि बघतो तर समोर खड्डा. कुठला खड्डा? अहो, दगड काढला तोच! "अंधारात वळलो वाटतं," म्हणाला, आणि स्वतःशीच हसला. तोंड फिरवलं. विहीर उजव्या हाताला ठेवली. ढेकळं तुडवत पुन्हा चालला. पुन्हा तोच खड्डा! आता हसू आलं नाही. चकवा, बाळांनो! चकवा लागला त्याला.

पुन्हा वळला, तर दिवे! काळीत दिवे! दिवसा जिथं ज्वारीची धसकटं होती तिथं रस्ते, फाटकं, बंगल्यांच्या रांगाच्या रांगा. आणि फाटकात मेहुणा.

"या दाजी! दगड घेऊनच आत या. घर तुमचंच हाय."

गेनू आत गेला. घशाला कोरड पडलेली. "पाव्हणं, आधी पाणी द्या."

मेहुण्यानं नळ सोडला. नळातून धूळ आली.

"बरं, जेवा तरी."

ताटात भाकरी होती. गेनू तुकडा मोडायला गेला, मोडेना. सिमेंटची भाकरी! तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की रातकिडा ओरडत नाही. बेडूक नाही. चहूकडं काहीच जिवंत नाही. मेहुणा हसला. तोंडात दात नव्हते, चुना होता, चुना!

तेवढ्यात भिंत तडकली. कर्रर्र! काळीत भिंत टिकते होय? उन्हाळ्यात ती जमीन फाटते, पावसाळ्यात फुगते. फरशी दुभंगली आणि गेनू भेगेत गेला, पार कमरेपर्यंत. खांद्यावरचा दगड त्याला खाली दाबतोय, दाबतोय...

आणि ऐका. भेगेतून त्याला श्वास ऐकू आला. झोपलेल्या गाईसारखा. केवढा मोठा, केवढा शांत! त्यानं खाली पाहिलं. खाली अंधार नव्हता. गावानं आजवर पेरलेलं एकूण एक बी तिथं होतं, मोड आलेलं. मुळं हलत होती, गांडुळं वरखाली जात होती. आज्या-पणज्यांच्या टाचांचे ठसे थरावर थर पडले होते. वर आभाळात चांदण्या नसतील एवढं! गेनूची भीती कुठं गेली कुणास ठाऊक. हात जोडावेसे वाटले, पण दोन्ही हात खांद्यावरच्या दगडाला. आणि वर जिथं जिथं बंगला, तिथं तिथं खालचा तो श्वास अडकत होता. लेकराचा अडकावा तसा.

"आई," गेनू म्हणाला, "मला वर येऊ दे. जागचा दगड जागी ठेवतो."

भेग सैल झाली. कोपरांवर रांगत, दगड पुढं ढकलत तो निघाला. या वेळी खड्डा त्यानंच शोधला. दगड बसवला, माती लोटली, टाचेनं दाबली. झपकन दिवे गेले! रातकिडे एकदम ओरडायला लागले. समोर कंदील घेऊन गोदा उभी.

"सापडला का बैल?"

"सापडला," गेनू म्हणाला. "पर येसण मलाच घातली."

सकाळी साहेब आले, हद्द नकाशावर चढली. पाठोपाठ फटफटीवर मेहुणा आला, खराखुरा. गेनूनं आधी त्याचे दात बघितले, मग बोलला, "माळावर बांधा, पाव्हणं. पाया पक्का लागंल, आन् वारं बी चांगलं." मेहुणा त्या दिवाळीला काही आला नाही.

तर बाळांनो, रात्री त्या बांधानं जाऊ नका. आणि कुणी म्हणालंच, एकच दगड आहे, हातभर सरकवला तर काय बिघडतंय, तर त्याच्यासोबत दिवसासुद्धा जाऊ नका. गेनू परत आला, कारण काळीनं त्याला सोडला. ती दरवेळी सोडेलच, असं तिनं कुणाला सांगितलेलं नाही.