फार घुमणारं पेडल

किन्शासात तोतोच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गिटारवाला लुकोजी रिव्हर्बचं पेडल, म्हणजे गिटारचा आवाज घुमवणारा डबा, बदलायला आला होता.

"स्वस्तातलंच दे. पण आवाज कमी घुमवणारं."

"जुन्याला काय झालं?"

"फार घुमवतं."

त्याच्या मागे मोबाइल दुरुस्तीसाठी दोघी उभ्या होत्या.

"मावशी, काकांच्या मयताला काय झालं म्हणे?"

"अगं, पाद्री म्हणाले, आता दोन मिनिटं शांतता. गिटारवाला थांबला, पण त्याचा डबा थांबेना. शवपेटीमागून आपलं 'ऊंऽऽ' चालूच. मला वाटलं, हेच हाक मारतायत."

"मग?"

"मग काय, मी ओरडले, 'आले हो, आले!' अख्खा मांडव हसला. पाद्रीसुद्धा."

"कोण होता तो मेला गिटारवाला?"

"पाठमोरा बसला होता. पाठ दिसली तर ओळखेन."

लुकोजीने शर्टाची कॉलर वर केली.

"घे, वाजवून बघ," तोतो म्हणाला.

"नको. बांधून दे."

"मग परत घेणार नाही हं."

लुकोजीने नाइलाजाने एक तार छेडली. 'टुंग' झालं आणि संपलं.

"हे नको रे बाळा," मागून मावशी म्हणाली. "ते आधीचंच बरं होतं."