शिळं आणि उष्टं

—नाही लवू, शेठने पाठवलं नाही म्हणून शपथा नको घेऊस. आपल्या गावचा, मालनचा मुलगा, म्हणून घरात घेतला, चहा टाकला. पण किचनचा सुपरवायझर भर दुपारी काम टाकून जोगेश्वरीला काकीची तब्येत विचारायला येतो होय? व्हिडिओ कोणी काढला ते हवंय त्याला. मिळायचं नाही. तक्रार माझ्या सहीची, मला काढलं, विषय संपला. जिने काढला ती अजून तिथेच कांदे चिरते, नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या पगारावर — तिचं नाव मी मेले तरी घ्यायची नाही, सांग जा त्याला.

काय? का केली तक्रार? सगळे तेच विचारतात. सुबोधला हेड कुक केला, मला नाही, त्याचा राग? होता ना राग, खोटं कशाला बोलू — फोडणी त्याला मी शिकवली आणि तो मला ऑर्डर देणार? पण रागापायी बाई मीठ जास्त घालते रे, सरकारी ऑफिसचे जिने नाही चढत. बरं, मग इतकी वर्षं गप्प का? होते गप्प. कालची डाळ आज आमटीत गेली, आंबट झालेलं दही कढीत जिरवलं — ह्याच हातांनी. शिळं मी घरी पण खाते, सकाळचा फोडणीचा भात कोणाला चुकलाय? पण शिळं वेगळं आणि उष्टं वेगळं. उष्टं खावं ते आपल्या पोराचं, बस्स. परक्याचं परक्याला नाही घालायचं.

पवईच्या त्या ऑफिसातून ताटं धुवायला परत येतात — तुझ्यासमोरच उतरतात टेम्पोतून, तुला काय सांगायचं. रश्शात बुडालेले टिश्यू, कडेला चिकटवलेलं च्युइंगम. त्यातलं पनीर वेचायला बसवलं आम्हाला. वेचा, गरम पाण्यातून काढा, नव्या ग्रेव्हीत सोडा. शी! शेठ उष्ट्या हाताने कावळा हाकायचा नाही हे ठाऊक होतं, पण ह्या थराला? म्हणे, काकी, उकळलं की सगळं मरतं. जंतू मरतील रे — दात मरतात का? एका तुकड्यावर दात उमटलेले, पुढचे, मधे फट. कोणाचं तरी तोंड माझ्या चिमटीत, आणि वरून फोडणी मी द्यायची! तेव्हापासून घास उचलला की मला ती फट दिसते, अर्धं ताट तसंच राहतं. ह्यांना वाटतं, हिला कावीळ झाली. मग म्हटलं, नुसतं सांगून कोण ऐकणार — शेठ म्हणेल, म्हातारी चळली. तेव्हा म्हटलं, जवळून घे गं, दात दिसले पाहिजेत. तर ती आपली लांबूनच घेते, सगळं पुसटच येत होतं, शेवटी मीच जान्हवीचं मनगट धरलं आणि—

लवू.

नाही, जान्हवी नाही. गंधाली म्हणत होते मी, ती गंधाली, सोडून गेली ती... अरे, माझ्याकडे बघ ना. मोबाईल कशाला काढलास? ठेव तो खिशात. मालनचा मुलगा ना रे तू?

ऊठ. राहू दे चहा. ऊठ, चालायला लाग.