रेषेवरचा आवाज

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं तू! बोल, बोल… नाही गं, कसली झोप. बाबा झोपलेत. मी पँट उसवत बसलेय… तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची. कंबर दोन इंच आत घ्यायची आहे. लोकांचे दात काढता काढता त्यांचंच खाणं सुटलंय बहुतेक.

हो, टीव्ही चालू आहे… टेनिसची मॅचच, दुसरं काय! दुसरा सेट. ती उंच मुलगी आहे ना, वेणी घालते ती, तिची. तिकडे काय सुरेख ऊन पडलंय गं. इथे सकाळपासून आभाळ आलंय, पण टीव्ही लावला की खोलीत ऊन आल्यासारखं वाटतं. मी त्याच उजेडात सुई ओवते.

बाबा? ते ठक-ठक सुरू झालं की पाचव्या मिनिटाला घोरायला लागतात. आणि गंमत सांगू? टीव्हीत तू 'आऊट' म्हणालीस की झोपेतच म्हणतात, 'बरोबर आहे.'… अगं शप्पथ! पोरीचा निकाल, अपील कुठे करणार?

परवा त्यांनी तो बर्फावरचा खेळ लावला होता. एकजण दगड घसरवतो आणि पुढे दोघं झाडू मारत धावतात… अगं, इतकं मन लावून झाडताना मी माणसं पाहिली नव्हती. तासभर बघत बसले. कोण जिंकलं कोण जाणे, मला मात्र घर आवरल्यासारखं वाटलं.

तुझ्याकडे किती वाजले?… तिकडे गं, तू आहेस तिकडे… बघून सांगते म्हणजे? घड्याळ नाही का तिथे?… बरं, बरं. जेवणाची सुट्टी आहे. हं.

नाही, रागावले नाही. ऐकतेय. तू बोल.

बरं, मीच बोलते. काल लिफ्टमध्ये एकटीच होते. ती बाई बोलते ना, 'दरवाजा बंद होत आहे', 'चौथा मजला'… माझ्या मनात आलं, हिचीही आई असेल की कुठेतरी. लेकीचा आवाज ऐकायला उगाच वर-खाली करत असेल. लोक विचारत असतील, आजी, कुठे निघालात? तर म्हणत असेल, कुठे नाही हो, सातव्या मजल्यापर्यंत जाऊन येते. सात ती फार छान म्हणते… हसू नकोस! आणि बँकेच्या फोनवरची ती, 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारी. तिच्या आईचे तर हालच. पोरगी सारखी थांबा म्हणते आणि पुढे काही सांगतच नाही… नाही गं, तुला टोमणा नाही मारला… बरं, थोडासा मारला.

त्यापेक्षा मी सुखी. दुपारभर तू घरात असतेस. मी शिवतेय, बाबा झोपलेत, मध्येच तू…

थांब.

ऐकलंस?

अगं, आत्ता तू 'आऊट' म्हणालीस… फोनवर नाही गं, टीव्हीत! उंच मुलीचा चेंडू रेषेबाहेर गेला आणि तू… जुनी मॅच कशी असेल? कोपऱ्यात 'लाइव्ह' लिहिलंय, लाल अक्षरांत. तेवढं मला चष्म्याशिवाय दिसतं.

हॅलो?… आहेस ना?

आधी श्वास घे… हो… हो गं, कळलं मला. आत्ता नाही, केव्हाच कळलंय.

कसं म्हणजे? तू म्हणालीस, आता रेषेवर माणसं उभी नसतात, कॅमेरेच बघतात, पण आवाज माझा लागतो, मी आत खोलीत बसून बोलते. मानलं मी. आधी कोर्टाच्या कडेला तुझी टोपी शोधायचे, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली. चेंडू बघितलाय कुणी! टोपी दिसेनाशी झाली, पण आवाज तर होता… पण बबडे, आठ महिन्यांत तो आवाज एकदाही बसला नाही गं. हवा जरा बदलली की घरात पहिलं नाक वाहायचं ते तुझं. आणि इथे उन्हाळा गेला, थंडी आली, तू आपली खणखणीत. चेंडू रेषेजवळ पडला की मोठ्याने, लांब गेला की शांतपणे. ठरल्यासारखं. चाळीस वर्षं शिवतेय मी, माझ्या हातच्या दोन टिपा कधी सारख्या पडल्या नाहीत. माणसाचं असंच असतं.

आवाज एका दिवसात भरून घेतला? सगळा?… सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं आऊट, आऊट… घसा दुखला असेल गं… आणि निघताना म्हणाले, उद्यापासून येऊ नका… तुला एकटीला?… सगळ्यांनाच. अरे देवा.

मी का नाही विचारलं?… खरं सांगू? विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग ह्या दुपारी गेल्या असत्या. शिवता शिवता अर्धवट डोळा लागतो ना, चेंडू जातोय, येतोय, आणि मध्येच तू बोलतेस. वाटतं, तू आतल्या खोलीत अभ्यास करतेयस आणि कुणाला तरी दटावतेयस. उठून बघायला गेले तर खोली रिकामी दिसणार, म्हणून उठायचंच नाही. स्वार्थीच मेली मी.

मग आता काय करतेस?… काय?… मोठ्याने बोल, मी रागावत नाहीये… बुटांच्या दुकानात? खेळायच्या बुटांच्या… लोकांच्या पायांची मापं घेतेस… म्हणजे वाकणं काही सुटलं नाही तुझं!… अगं, हसावं म्हणूनच म्हटलं.

पण यात लपवण्यासारखं काय होतं गं? कुणाची चोरी केलीस का?…

काय म्हणालीस?… परत म्हण.

…

हो. सांगितलं मी सगळ्यांना. जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले. कपडे घेऊन आलेल्याला आधी टीव्हीसमोर बसवायचे, मगच माप घ्यायचे. कळलं होतं तरी सांगतच राहिले… म्हणून आली नाहीस तू? लोक विचारतील, आणि मी त्यांच्यासमोर खोटी पडेन म्हणून?… आठ महिने?

अगं वेडे… माझी मान ताठ राहावी म्हणून तू तिथे एकटी…

नाही, रडत नाहीये. सुई टोचली… बरं, रडतेय. सुई केव्हाच खाली ठेवलीय.

ऐक. आता माझं ऐक. ये तू. सुट्टी कधी असते?… मंगळवारी. मग सोमवारी दुकानातून परस्पर निघ… काय सांगायचं म्हणजे? मी बघते ना काय सांगायचं ते…

थांब, बेल वाजली. ठेवू नकोस! खबरदार फोन ठेवलास तर. धरून बस… आले हो, आले!

या… तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्यात गं, जॅकेटची चेन बदलायला… ठेवा वहिनी इथेच, संध्याकाळी देते… हो, तिचाच फोन आहे… हो, टीव्हीतही तीच…

नाही वहिनी. म्हणजे आवाज तिचाच आहे, पण ती तिथे नाहीये. आवाज भरून घेतला आणि सगळ्यांना घरी पाठवलं. झाले आठ महिने… हो, परवा मी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. मला माहीत होतं तरी सांगितलं… आता ती बुटांच्या दुकानात काम करते. पायांची मापं घेते लोकांच्या. मंगळवारी येणार आहे.

ऐकलंस ना गं?… नीट ऐकलंस?…

एक मिनिट, वहिनी काय म्हणतायत… त्यांचा उजवा पाय म्हणे रुंद आहे. फिरायला गेल्या की करंगळी सोलवटते. मोठा बूट घेतला तर टाच निसटते. असल्या पायाला मिळतो का काही, विचारतायत… मला काय विचारतेस? माझी हद्द घोट्यापर्यंत. त्याच्या खालचं तू सांग.

नाक पूस आधी… पुसलंस?

घ्या वहिनी. बोला तिच्याशी.