उपाशी ठेवलेली बाटली

विशाखा मॅडमच्या आई, गंगाधरमामा, मंडळी,

तुम्ही सगळे आलात. मी मराठी शिकवतो, बोलणं हाच माझा धंदा. आज जमत नाही. सांभाळून घ्या.

विशाखा मॅडम आपल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. वर्षभर त्या एकच गोष्ट मोजत होत्या. अन्न भरपूर असलं की जिवाणू वाढतो, विभागतो. डीएनएची नक्कल करणारं विकर, पॉलिमरेज, हवं तेवढं बनवतो. अन्न संपलं की? नेहमीचं विकर कमी होतं. दुसरं एक वाढतं. ते नक्कल करताना चुका करतं. मी विचारलं, "चुका करणारं कशाला ठेवायचं?" म्हणाल्या, "अडचणीत हाताशी येईल त्यानं भागवावं लागतं, सर. आमच्या धारूरच्या दुष्काळात हे शिकवावं लागत न्हाई."

दिवाळीच्या सुट्टीत त्या आजारी पडल्या. शिक्षकांपैकी गावात मीच होतो. दवाखान्यातून फोन आला, "सर, माझ्या जिवाणूंच्या बाटलीकडं तेवढं बघा."

प्रयोगशाळेतले गंगाधरमामा माझ्यासोबत होते. बाटलीवर मॅडमच्या अक्षरात चिठ्ठी. 'उपाशी. दिवस नववा.' मामा म्हणाले, "बाई दोन दिस न्हाईत. कुणी काय घातलंच न्हाई, सर. उपाशी हाय म्हणून लिवलंय बघा."

आपल्या दारात कुणी उपाशी आहे म्हटलं, तर आपण कारण विचारतो का? मामांनी कपाटातलं पोषकद्रव दिलं. मी ओतलं.

दुसऱ्या दिवशी बाटली गढूळ, म्हणजे जिवाणू वाढलेले. मी आनंदानं फोन केला, "मॅडम, जगले!"

त्या हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. "जेवू घातलंत व्हय? अहो, उपाशीपणी ते काय करतात तेच तर बघायचं होतं." मग म्हणाल्या, "जाऊ द्या. आल्यावर पुन्हा उपाशी ठेवीन."

त्या आल्या नाहीत.

आई, त्यांच्या कामाचे शेवटचे नऊ दिवस मी वाया घालवले. दवाखान्यात आलो तेव्हाच तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही माझ्यापुढं चहा ठेवलात, आणि राहिलं.

पुन्हा सुरू करावं म्हटलं, तर मला येत नाही. मामांना येत नाही. वहीत खुणा आहेत, त्या आम्हा दोघांना वाचता येत नाहीत. बाटली तिथंच आहे. टाकून द्यायची की ठेवायची? कुणाला विचारू?

मॅडमना माझं वंदन.

आता श्रद्धांजलीसाठी उभे राहू या. कुणी काही बोलू नका. घड्याळ मी बघणार नाही. आई बसल्या, की आपण बसू.