दस्तगीरभाईंनी ओळखलेली भूक

माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सहकारी प्राध्यापक, विद्यार्थी मित्रहो, आणि गळ्यात हार घालून घ्यायला कसेबसे राजी झालेले आमचे दस्तगीरभाई शिकलगार,

सव्वीस वर्षं दस्तगीरभाईंनी आपल्या शरीरक्रियाशास्त्र विभागातले पांढरे उंदीर सांभाळले. निरोपाच्या दिवशी सत्कारमूर्तीचे गुण गायचे असतात, पण मी माझी एक चूक सांगणार आहे. अध्यक्षांची परवानगी आहे, असं धरून चालतो.

मेंदूच्या तळाशी सोललेल्या बदामाएवढा एक भाग असतो. पोट भरलं, हे आपल्याला तिथे कळतं. रक्तातून तिथे नेमका कोणता निरोप पोचतो, हे अजून कुणाला पुरतं उलगडलेलं नाही. त्याच्याच खाली हरभऱ्याएवढी ग्रंथी लोंबते. भूक, चरबी, वाढ, सारा कारभार एवढ्याशा जागेतून चालतो. मला अजूनही याचा अचंबा वाटतो. त्या जागेला सुईने इजा केली, की उंदीर खातच सुटतो, फुगतो, हात लावला तर चावतो. अकरा वर्षं मी हे शिकवत होतो.

चौऱ्याहत्तर साली दस्तगीरभाई शिराळ्याला लग्नाला गेले. तिथे लग्नघराशेजारच्या राहीबाईंनी आपल्या बारा वर्षांच्या शालूला पंगतीपासून लांब बसवलं होतं. दोन वर्षांत पोरीचं अंग बेसुमार सुटलेलं. भाकरी चोरते म्हणून आई मारायची, कोंडायची. दस्तगीरभाई तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "चाचा, जेवले तरी जेवल्यागत वाटत न्हाई."

आठवड्याने ते मायलेकींना माझ्याकडे घेऊन आले. मी खुर्चीतूनच पाहिलं आणि भाकरी कमी करा म्हणून सांगितलं. राहीबाईंनी मान डोलावली. पोरगी खाली बघत उठली आणि दाराच्या चौकटीवर आदळली.

दोघी बाहेर गेल्यावर, कधी उलट शब्द न बोललेले दस्तगीरभाई म्हणाले, "सायेब, उंदराला तुमी असं कवा सांगितलं न्हाई. आन् पोरीला बाजूचं दिसत न्हाई, बघितलंसा न्हवं?"

मित्रहो, मी दोघींना परत आत बोलावलं.

त्याच दिवशी डोक्याचा एक्स-रे काढला. बरोबर त्या ग्रंथीच्या वर चुन्यासारखे पांढरे ठिपके होते. गाठ; भुकेच्या जागेवर आणि डोळ्यांच्या नसांवर दाबणारी. मुंबईला शस्त्रक्रिया झाली. दस्तगीरभाई रजा काढून सोबत गेले. राहीबाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "चोर म्हनून मारलं वो मी तिला." शालूला बाहेर आणेपर्यंत दस्तगीरभाई त्यांच्याशेजारी बसून राहिले.

नजर वाचली. भूक मात्र गेली नाही. ती जागा एकदा दुखावली, की पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. शालू रोज गोळ्या घेते, मोजून जेवते. भूक लागली म्हणाली, की राहीबाई "व्हय बाई, लागली असंल" म्हणतात आणि जेवणाची वेळ होईपर्यंत तिच्याजवळ बसतात.

दस्तगीरभाई, जे मी शिकवलं, ते तुम्ही ओळखलंत. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात एखादा शब्द कमीजास्त गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावा.