न झटकलेला कागद

मी, वय ४४ वर्षे, धंदा मजुरी, सध्या काम वीज केंद्राची राख उपसणाऱ्या ठेकेदाराकडे, नाव व पत्ता वरच्या रकान्यात लिहिल्याप्रमाणे, समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी नवऱ्यासह राहते. नवरा त्याच ठेकेदाराकडे पोकलेन चालवतो.

साडेतीन महिन्यांपूर्वी सकाळी सहाच्या सुमारास वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला. ओली राख आमच्या वस्तीतल्या एकतीस घरांत शिरली. आमच्या स्वयंपाकघरात ती ओट्यापर्यंत होती. पंधरवड्याने तीच राख उपसायला ठेकेदाराने आम्हालाच कामावर घेतलं. आम्ही मास्क मागितले तेव्हा सुपरवायझर म्हणाले, मास्क दिसले की लोक उगाच घाबरतात. मास्क मिळाले नाहीत.

कामाच्या जागी हवेतली धूळ मोजायची पाच यंत्रं आहेत. त्यातलं एक नवऱ्याच्या पोकलेनच्या केबिनमध्ये आहे. प्रत्येकात बिस्किटाएवढा पांढरा गोल कागद असतो, हवेतली धूळ त्यावर जमते. रोज संध्याकाळी पाच वाजता तो काढून पाकिटात घालायचा आणि पाकीट तपासणीला द्यायचं, हे माझं काम. पाकिटात घालण्याआधी कागद झटकायचा, असा सुपरवायझरांचा तोंडी हुकूम होता. तीन महिने मी झटकला. का, म्हणून विचारलं नाही. हे माझ्या नावावर लिहावं.

नवऱ्याला दीड महिना खोकला आहे. परवा मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं, कामावर धूळ किती असते. नवऱ्याने याच कागदांवरून केलेला वीज कंपनीचा अहवाल पुढे केला. धूळ मर्यादेत, असं त्यात होतं. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "हवा चांगली आहे गं. माझ्यातच काहीतरी खोट असणार." कागद झटकत असल्याचं मी तेव्हाही त्याला सांगितलं नाही. त्याची मला लाज वाटते.

काल बुधवारी पाच वाजता केबिनमधला कागद मी झटकला नाही. सुपरवायझर झटक म्हणाले. मी तो जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि त्यांच्यादेखत फाटकाबाहेर पडले. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने डबा जवळ ओढून घेतला. मग म्हणाला, "उघडू नकोस. सांडेल."

सुपरवायझरांनी माझ्यावर चोरीची तक्रार दिल्याचं आज सकाळी समजलं. तक्रार खरी आहे. साडेदहाला मी डबा घेऊन आपल्या पायांनी इथे आले. तक्रारीत मालाचं वर्णन 'पांढरा गोल कागद, नग एक' असं आहे. तेवढं मात्र खोटं आहे. जमादारांनी डबा उघडला आणि शेजारी टेबलावरचा कोरा कागद ठेवून पाहिला. हातच्या काकणाला आरसा कशाला? माझ्या सांगण्यावरून त्यांनी 'रंग काळपट करडा, वर राखेचा थर' अशी नोंद केली. बोट मी कोणाला लावू दिलं नाही.

साडेअकराला कंपनीचे सुरक्षा अधिकारी आले. डब्यात डोकावून म्हणाले, गैरसमज झाला, तक्रार मागे घेतो, आमचा कागद आम्हाला द्या. जमादार मला म्हणाले, "बाई, सुटलात. जा घरी."

मी गेले नाही. मी म्हणाले, "साहेब, चोरी झाली आहे आणि ती मी केली आहे. गुन्हा नोंदवा. मुद्देमाल जप्त करून सील माझ्यासमोर लावा."

जप्त माल कोर्टाच्या हुकमाशिवाय कोणाला परत देत नाहीत, हे मी आधीच विचारून आले आहे. अधिकारी म्हणाले, नोकरी जाईल. ती कालच फाटकात ठेवून आले, असं मी त्यांना सांगितलं. त्यावर ते फोन करायला बाहेर गेले, ते अजून आत आलेले नाहीत.

कागद तपासणीला पाठवताना वाटेत कोणी झटकू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

लिहिलेला जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'कागद नजरचुकीने नेला' असं होतं. ते मी खोडायला लावलं, 'जाणूनबुजून नेला' असं लिहून घेतलं आणि खोडलेल्या जागी सही केली. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे.